लांबड्या गाडीचं इंजिन

तात्या जुना टेम्पो बघायला म्हणून जुन्नरकडं गेले आणि दिवस मावळायच्या सुमाराला ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं बांधलेली एक मोटार घेऊन आले. ट्रॅक्टर आमच्या वाटेवर वळला, त्याच्या मागं मोटारीचं नाक वळलं, मग एक दार आलं, मग लांबच लांब काच, मग आणखी एक दार, आणि ट्रॅक्टर गोठ्यापाशी येऊन थांबला तरी मोटारीचं बूड अजून हमरस्त्यावरच होतं. मागून आलेली नाशिकची एसटी हॉर्न वाजवत उभी राहिली, तिच्या खिडक्यांतून माणसं वाकून बघायला लागली. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. दारातून तिला हे सगळं दिसत होतं. तिची हातातली भाकरी हातातच राहिली आणि तव्यावरची करपून तिचा धूर घरभर झाला, तरी ती उठली नाही. तात्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा तिनं विचारलं, "टेम्पो कुठाय?" तात्या म्हणाले, "हीच घेतली."

आमचं घर कळंबला, पुणे-नाशिक रस्त्याला लागून. घराला चिकटून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये तात्यांचं काम: विहिरींवरची ऑइल इंजिनं, पंप, कधी एखादा ट्रॅक्टर. लोकांच्या मळ्यातून इंजिनं आणायची-न्यायची तर दर वेळी दुसऱ्याच्या वाहनाची वाट बघावी लागे, म्हणून टेम्पो घ्यायचा असं आईनं आणि तात्यांनी मिळून ठरवलं होतं. त्यासाठी काय काय बाजूला टाकलं होतं ते मला माहीत होतं, कारण त्या साऱ्या काळात आमच्या घरात नवं लुगडं आलं नव्हतं. आणि ते सगळं देऊन तात्यांनी ही आणली होती. मुंबईच्या कुणा श्रीमंतानं जुन्नरजवळ बांधलेल्या बंगल्यामागं, कोंबड्यांच्या शेडमध्ये ती कैक वर्षं उभी होती. म्हातारा गेला, पोरांना जागा मोकळी करायची होती. तात्या तिथला पंप बघायला थांबले, आणि टेम्पोवाल्याकडं पोचलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजेडात मी ती नीट पाहिली. कोंबड्या तिच्यात राहून गेल्या होत्या. मागच्या सीटवर पिसं, शीट आणि फुटक्या अंड्यांची टरफलं यांचा हातभर थर, आणि त्याच्याखाली कधीकाळचं लाल मखमल. पुढची आणि मागची बाजू यांच्यामध्ये काचेची सरकती खिडकी होती, ती मात्र शाबूत. मागं बसणाऱ्याला पाय लांब करून झोपता येईल इतकी जागा. अशा गाडीला लिमोझिन म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. गावानं पहिल्याच दिवशी तिचं नाव 'लांबडं' ठेवलं होतं. आमच्याकडं सापाचं नाव घ्यायचं नसलं की लांबडं म्हणतात. आई तेही म्हणत नसे. ती त्या गाडीचं नावच घेत नव्हती.

तिला धक्का बसला होता तो नुसता टेम्पोचा नव्हता. त्याच श्रावणात माझा सुदाममामा गेला होता. आईचा एकुलता भाऊ. वर्ष सरलं नव्हतं, त्यामुळं घरात सण नव्हता, गोडाधोडाचं नव्हतं, कढईत तेल पडत नव्हतं. मटकीची पातळ आमटी आणि भाकरी, सकाळ-संध्याकाळ तेच. आणि अशा घरात तात्या नवरा-नवरी मिरवायची गाडी घेऊन आले होते. कारण त्यांच्या डोक्यात तेच होतं. लग्नसराईत नवरदेव घोड्यावरून उतरून मोटारीत बसायला लागले होते, जो तो फुलं लावलेल्या गाडीच्या शोधात असायचा. ही गाडी उभी केली की मंचरपासून ओतूरपर्यंत एक लग्न सुटणार नाही, असं ते मला सांगायचे. आईला सांगायची त्यांची छाती नव्हती.

सुदाममामाबद्दल इथंच सांगायला हवं. तो आणे गावचा. पठारावरच्या कोरडवाहूवर भागत नव्हतं म्हणून एका मालकाची जीप चालवायचा, मंचर ते आळेफाटा, वडाप, म्हणजे वाटेत माणसं भरत जायच्या फेऱ्या. दुपारच्या फेरीला मंचरहून निघाला की आमच्या दारात घटकाभर थांबायचा. त्याच्या जीपचा सेल, म्हणजे इंजिन चालू करायचा स्टार्टर, एका दमात लागत नसे. आधी दोनदा खरखरायचा, मग म्हातारं माणूस खोकल्यासारखा आवाज, मग इंजिन धरायचं आणि त्याच्यामागून एक बारीक शिट्टी चालू राहायची. रस्त्यावरून शेकडो वाहनं जायची, पण ती शिट्टी आईला कळंबच्या पुलावरूनच कळायची. ती हातातलं काम टाकून चहाचं आधण ठेवायची. मामा पायरी चढेपर्यंत चहा उकळलेला असायचा. मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. घरोघरी असंच असतं असं वाटायचं.

नारायणगाव ओलांडल्यावर एका सरळ रस्त्यावर ती जीप एकाएकी बाजूला गेली आणि चिंचेच्या झाडावर आदळली. समोर वाहन नव्हतं, वळण नव्हतं. बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना लागलं, बेल्ह्याच्या एका म्हातारीचा पाय कायमचा गेला, आणि मामा जागच्या जागी संपला. गाडीत दारूचा वास येत होता, कारण कुणा प्रवाशाच्या पिशवीतली बाटली फुटली होती. जीपच्या मालकानं त्याच दिवशी फाट्यावर सांगून टाकलं की ड्रायव्हर पिलेला होता. मामा पीत नव्हता. हे आम्हाला माहीत होतं, पण आमच्या माहीत असण्याला कोण विचारतो? सरळ रस्त्यावर गाडी झाडावर जाते म्हणजे माणूस एकतर पिलेला नाहीतर झोपलेला, असं सगळे म्हणाले. शालनमामी पदरात लहान मुलगी घेऊन हे ऐकत राहिली. आईचे वडील, आप्पा, देवळापुढच्या पारावर रोज बसायचे, ते घराबाहेर पडायचे बंद झाले.

तर अशा दिवसांत आम्ही ती गाडी उघडली. आम्ही म्हणजे तात्या आणि मी. माझी बारावी झाली होती, पुढचं काही ठरत नव्हतं, आणि दुःखी घरात बसण्यापेक्षा शेडमधलं काम बरं होतं. मी पिसं उपसली, मखमल खरवडली, पत्र्यावरचा गंज कागदानं घासून हातांची सालटी काढून घेतली. तात्यांनी कुजलेली फरशी कापून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा पत्रा तिथं जोडला. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुटी, भरायची, वाळू द्यायची, घासायची, पुन्हा भरायची. सीटसाठी जुन्या बाजारातून रेल्वेच्या बाकाचा फोम आणला आणि मी तो सुईदोऱ्यानं शिवला. तिच्या बाहेरच्या अंगासाठी नवीन असं आम्ही काहीच घेतलं नाही. दाराचे हँडल एका मोडक्या बसचे, आरसे ट्रकचे, पुढचे दिवे दोन वेगवेगळ्या गाड्यांचे. एक जरा पिवळट दिसायचा. पण जसजसा एकेक तुकडा बसत गेला तसतसं त्या धुडाला रूप यायला लागलं. मला आठवतं, एकदा मागच्या काचेवरची शेवटची माती पुसली आणि तिच्यात आमचं घर, शेड, आभाळ सगळं लांबुळकं होऊन दिसलं, तेव्हा मी कितीतरी वेळ तिथंच उभी राहिले. आज आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याहून चकचकीत गाड्या उभ्या असतात आणि माझी नजरही त्यांच्यावर ठरत नाही.

खरा प्रश्न इंजिनाचा होता. तिचं मूळचं इंजिन आठ सिलिंडरचं, पेट्रोलचं. कोंबड्यांनी त्याच्यातही काडीकचरा भरला होता आणि आतून ते गंजून दगड झालं होतं. चालू झालं असतं तरी त्याची तहान भागवणं आम्हाला जन्मात जमलं नसतं. डिझेलचं बसवायचं असं तात्यांनी ठरवलं. दिवाळीच्या आधी एक दिवस ते मंचरच्या भंगारवाल्याकडून जीपचं इंजिन आणि गिअरबॉक्स घेऊन आले, गोणपाटात गुंडाळून. जाम झालेलं होतं म्हणून स्वस्तात मिळालं, एवढंच म्हणाले. खोलायच्या दिवशी त्यांनी मला कल्हई लावायची भांडी घेऊन मंचरला पाठवलं. मी आले तोवर ब्लॉक धुऊन पुसून लेथवर बोअर करायला गेला होता. नवे लायनर, नवे पिस्टन, एवढाच काय तो खर्च त्यांनी मन मोठं करून केला. सेल आणि गिअरबॉक्स तेवढे चालत होते, म्हणून ते उघडलेच नाहीत.

त्या मोठ्या बोनेटखाली जीपचं इंजिन म्हणजे बैलाच्या दावणीला बांधलेलं करडू दिसत होतं. बसवायला तात्यांनी नांगराच्या लोखंडाचे दोन आडवे पाय वेल्ड केले. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंतचा दांडा आखूड पडला, तो मधे कापून नळी घालून लांबवला. जुनं वजन गेल्यामुळं गाडीचं नाक वर गेलं, मग पुढं खाली एक जात्याएवढी लोखंडी तबकडी बांधली, तेव्हा ती सरळ उभी राहिली. या सगळ्या महिन्यांत आई शेडमध्ये एकदाही आली नाही. दुपारी ताट शेडच्या तोंडाशी ठेवायची आणि परत जायची. तात्याही खाली बघून जेवायचे.

शिमगा झाला होता. पोळ्या न करताच तो गेला. एका दुपारी तात्या म्हणाले, बघू लावून. मी डिझेलच्या नळीतली हवा काढली, ते आत बसले आणि त्यांनी सेल मारला. दोनदा खरखर झाली. मग खोकला. मग इंजिन धरलं आणि शेडच्या पत्र्यांतून ती बारीक शिट्टी घुमली. मी हसत होते. महिनोन्‌महिने मेलेलं धूड थरथरत होतं, माझे हात बोनेटवर होते, आणि मला काही एक ओळखू आलं नाही. तात्यांच्या तोंडाकडं बघितलं तर त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. ते घराच्या दाराकडं बघत होते.

मी घरात गेले, आईला सांगायला. आई चुलीपाशी होती. तिनं आधण ठेवलं होतं, साखर टाकली होती, पत्तीचा डबा हातात होता. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिचं तोंड इतकं पांढरं पडलं होतं की मला वाटलं तिला काहीतरी चावलं. तिचे हात आपोआप चालले होते. मग ते थांबले. तिनं डबा खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि त्या गाडीजवळ पहिल्यांदा गेली. तात्यांनी इंजिन बंद केलं होतं.

"हे सुदामचं हाय," ती म्हणाली.

तात्या गाडीतून उतरले. ती थांबली नाही. घरात गेली, एक लुगडं पिशवीत घातलं, मला म्हणाली भात झाकलेला हाय, आणि रस्त्यावर जाऊन आळेफाट्याच्या एसटीला हात केला. तात्या शेडच्या खांबाला धरून उभे होते. एसटी गेली तरी तसेच उभे होते. मी तोवर तात्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

आई नसलेलं घर मला आजही नीट सांगता येत नाही. मी भाकरी करायची, ती जाड व्हायची, तात्या तीच खायचे. शेवटी मीच विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? तेव्हा त्यांनी फळीवरून ग्रीसचा जुना डबा काढला आणि त्याच्यातनं चिंधीत बांधलेला एक पिस्टन काढून माझ्या हातात दिला. माझ्या मुठीएवढा. एका बाजूनं त्याचा धातू सोलून निघाला होता, उभे ओरखडे पडले होते आणि कडा वितळल्यासारख्या झाल्या होत्या. त्यांनी सांगितलं की भंगारवाल्याच्या आवारात जीप त्यांनी लगेच ओळखली होती. इंजिन घरी आणून उघडलं तर आत ऑइल नव्हतंच, डांबर होतं. कित्येक महिने बदललेलं नव्हतं. तेलाशिवाय पिस्टन तापला, फुगला आणि लायनरला, म्हणजे ज्या नळीत तो वरखाली होतो तिला, चिकटला. भर वेगात इंजिन जागच्या जागी जाम झालं, त्याबरोबर मागची चाकं जाम झाली, आणि जीप फरपटत झाडावर गेली. "तिथं कुणीबी असता तरी गाडी हातात राहिली नसती," ते म्हणाले. मामा पिलेला नव्हता, झोपलेला नव्हता. हे तात्यांना दिवाळीच्या आधीपासून माहीत होतं.

मी तिथंच टायरवर बसले. सांगितलं का नाही, असं विचारलं, तर म्हणाले, तुझ्या आईची जखम भरत आली होती, पुन्हा कशाला उकलायची. मला ते त्या वेळी पटलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्या गाडीतून आण्याला निघालो. दुसरं वाहन नव्हतं, आणि एसटीनं जायला तात्या तयार नव्हते. का ते मला उमगलं नाही.

गाडी चालत होती ती दिवस भरलेल्या म्हशीसारखी, डुलत, दमानं, पण चालत होती. नारायणगावच्या पुढं ते चिंचेचं झाड आलं तेव्हा तात्यांनी हात जोडले नाहीत की काही नाही, नुसते सरळ बघत राहिले. आण्याच्या घाटात ती पहिल्या गिअरवर चढली. गाव दिसायला लागल्यावर तात्या म्हणाले, गाडी बाहेरच लावू आणि चालत जाऊ, आवाज नको. पण गावाच्या तोंडाशीच मेंढरांचा कळप आडवा आला, थांबावं लागलं आणि गाडी बंद पडली. मेंढरं गेली. मागं एक ट्रक येऊन उभा राहिला होता. तात्यांना सेल मारावा लागला.

शालनमामी पलीकडच्या नळावर होती. मी तिला पाठमोरं पाहिलं. दुसऱ्या खरखरीला तिच्या हातातली कळशी निसटली. खोकल्याला ती वळली. आणि शिट्टी सुरू झाली तशी ती पळत सुटली, पदर खांद्यावरून घसरलेला, पाय चिखलात भरलेले, आमच्याकडं, अगदी त्या गाडीच्या तोंडावर. बोनेटवर दोन्ही हात टेकून ती उभी राहिली. काचेतून तिनं आत पाहिलं, आत तात्या होते. तिच्या चेहऱ्यावरून काय काय उतरत गेलं ते मी पाहिलं आहे आणि ते मला विसरता आलेलं नाही.

"दाजी," ती म्हणाली, "ह्यो आवाज कुठनं आणला?"

घरी ओट्यावर आप्पा, आई, मामी आणि मी बसलो. तात्या उभेच होते. त्यांनी चिंधी सोडून पिस्टन आप्पांपुढं ठेवला आणि मला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. आप्पांना इंजिनातलं काही कळत नव्हतं. त्यांनी तो तुकडा उचलून तळहातावर घेतला आणि बोटानं ते ओरखडे चाचपत राहिले. आई रडायला लागली. तिला एकच धरून ठेवता येत होतं, त्याची चूक नव्हती, त्याची चूक नव्हती. मामी रडली नाही. ती म्हणाली, तो रोज सांगायचा, इंजिन तापतंय, मालक ऑइल बदलून देत नाही, आज देतो उद्या देतो म्हणतोय. मला वाटलं आता तिच्या जिवाला थंडावा मिळेल.

"हे तुमाला कवा कळलं?" तिनं विचारलं.

तात्यांनी सांगितलं.

"दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. "दिवाळीनंतर त्या बेल्ह्याच्या म्हातारीचा पोरगा आला व्हता हितं. दारात उभं राहून न्हाई न्हाई ते बोलला. आप्पांनी त्याचं पाय धरलं, दाजी. लेकाच्या वयाच्या पोराचं पाय धरलं ह्या म्हाताऱ्यानं, माझ्यासमोर. तवा तुमी काय करत व्हता? सीटा शिवत व्हता."

सीट मी शिवली होती. आईचं रडणं थांबलं. तिला हे पाय धरल्याचं माहीत नव्हतं. ती आप्पांकडं बघत राहिली, आप्पा पिस्टनकडं. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तोंडावर दाबला. कुणी त्यांना बसा म्हणालं नाही. मामी उठली, पाय धुतले, पदर नीट केला, मुलीला शेजारणीकडं दिलं आणि तात्यांना म्हणाली, "चला. मला फाट्यावर न्या."

त्या गाडीतून आम्ही सगळे आळेफाट्याला गेलो. मामी पुढं बसली. मागच्या लाल सीटवर आप्पा, आई आणि मी, आणि तरी मधे माणसं बसतील एवढी जागा रिकामी. फाट्यावर दुपारची गर्दी होती, वडापच्या जीपा ओळीनं लागलेल्या, क्लीनर गावांची नावं ओरडत होते. अशी गाडी आली म्हटल्यावर माणसं आपोआप गोळा झाली. त्यांना वाटलं कुणी पुढारी आला. दार उघडून मामी उतरली तेव्हा ओरडणं हळूहळू थांबलं, कारण तिला सगळे ओळखत होते. मामाच्या जीपचा मालक हॉटेलच्या बाकावर बसला होता. ती सरळ त्याच्यापुढं गेली आणि टेबलावर, त्याच्या बशीशेजारी, तिनं तो पिस्टन ठेवला.

"तुमच्या जीपचा हाय," ती म्हणाली. "त्यो पिलेला नव्हता. तुमी ऑइल घातलं नव्हतं."

मालक इकडंतिकडं बघत म्हणाला, मेल्या माणसाचं आता कशाला उकरून काढायचं, झालं ते झालं. मामीचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, मेल्या माणसाचं तुम्हीच इथं उभं राहून सांगितलं होतं, आता हेही सांगा. त्यानं बशी उचलून तोंडाला लावली. माझ्या शेजारी आप्पा काठी टेकून उभे होते, कितीतरी महिन्यांनी चारचौघांत, आणि त्यांची मान थोडी हलत होती. मग मामाच्या बरोबरीचा एक ड्रायव्हर पुढं आला. त्यानं पिस्टन उचलला, अंगठ्यानं ओरखडा घासून पाहिला आणि दुसऱ्याच्या हातात दिला. तो स्वतःच्या जीपपाशी गेला, बोनेट उघडलं आणि ऑइल बघायची पट्टी उपसून उजेडात धरली. पट्टी काळीकुट्ट होती. त्यानं ती तशीच सगळ्यांना दिसेल अशी धरली. मग शेजारच्यानं बोनेट उघडलं. मग त्याच्या पुढच्यानं. एकामागून एक साऱ्या ओळीची बोनेटं उघडली गेली. माणसं आत भरून बसली होती, ती खाली उतरली, कुणी तक्रार केली नाही. त्या दुपारी फाट्यावरून एकही जीप हलली नाही. मी आतापर्यंत पुष्कळ मोर्चे आणि सभा पाहिल्या, पण एवढी माणसं एवढी गप्प उभी राहिलेली पुन्हा पाहिली नाहीत.

मालकाचं पुढं काही वाकडं झालं नाही. कुठं तक्रार नोंदली गेली नाही, जीपा चालू राहिल्या, फक्त ड्रायव्हर ऑइल पाहिल्याशिवाय गाडी काढत नव्हते. बेल्ह्याचा तो मुलगा एक दिवस आण्याला आला, आप्पांपुढं बसला, तेव्हा आप्पांनी त्याच्यासाठी आमटी-भाकरी वाढायला सांगितली आणि आपण शेजारी बसून जेवले. दुसऱ्या दिवसापासून ते पारावर जायला लागले. मामीनं गावात शिलाईचं मशीन टाकलं आणि पुढं पोरीला शिकवलं, पण आमच्या तात्यांशी ती कामापुरतंच बोलायची. शेवटपर्यंत.

आई वर्षश्राद्धापर्यंत आण्यालाच राहिली आणि मग एसटीनं परत आली. गाडी विका किंवा मोडा असं ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, दारात सेल मारायचा नाही. तात्यांनी ते पाळलं. गाडी शेडच्या चढावर लावायचे, दोघंतिघं मिळून खाली ढकलायची आणि रस्त्यावर आल्यावर गिअर टाकून चालू करायची. गाडीनं खूप लग्नं केली. मंचर, घोडेगाव, ओतूर, कुठं कुठं गेली. झेंडूच्या माळा लावून ती वळणावर यायची तेव्हा बँडवाले वाजवायचे थांबायचे. पुढं एअर कंडिशनच्या गाड्या आल्या, तिला कुणी विचारेना, आणि ज्या भंगारवाल्याकडून इंजिन आलं होतं त्याच्या मुलानं तिचे तुकडे करून नेले. आई तेव्हा हयात नव्हती.

तात्या त्यानंतर बरीच वर्षं जगले. अखेरच्या आजारपणात ते माझ्याकडं होते. एके दिवशी मी त्यांना पेज भरवत होते आणि बोलता बोलता ते दिवस निघाले. मी म्हणाले, तेव्हा आईला त्रास होऊ नये म्हणून तुम्ही लपवलंत, पण उलट तिलाच जास्त झाला. तात्यांनी चमचा हातानं बाजूला केला.

"तिच्यासाठी न्हाई," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तिनं इंजिन काढायला लावलं असतं. दुसरं मला परवडत नव्हतं. गाडी तशीच राहिली असती."

खालून भाजीवाला ओरडत गेला. मी वाटी धरून बसले होते. एवढी वर्षं मी त्यांचं पहिलं उत्तर खरं धरून चालले होते, इतरांनाही तेच सांगितलं होतं. मामीनं मात्र खरं काय ते त्याच दिवशी ओट्यावर बसून ओळखलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते भिंतीकडं बघत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते.

"पण झाली व्हती चांगली," ते म्हणाले. "नाय का?"

मी वाटी खाली ठेवली. मग मी हो म्हणाले. गाडी खरंच चांगली झाली होती.